बोबडीचं माहेर

गुरुजी, तुमची सुधाताई समोर कागद घेऊन बसली आहे. तेरवीले तुमच्यावर चार पानांचं पुस्तक वाटाचं आहे म्हणते. शाळेतल्या सायबानं लिवून देल्लं, तुमच्या जठारपेठेतल्या वकील दोस्तानं लिवून देल्लं, आता म्हणे बबनकाका तुम्ही बोला, मी लिहून घेते. मी म्हटलं, माय, मले लिवता आलं असतं तं तुह्या बापाले फटफटीवर मांगं बसवून हिंडलो असतो का? ती हासली. सात दिवसांत पहिल्यांदा हासली. म्हून बसलो.

पण आधीच सांगून ठेवतो, माह्या ताटात भाकर तशीच पडून आहे. तुमी गेले त्या दिवसापासून आहे. लोकाइले वाटते बबन्याले दुःख झालं म्हून भाकर गोड लागून नाही राहिली. दुःख तं झालंच. पण भाकर घशाखाली जात नाही त्याचं कारण दुसरं आहे. ते तुमाले मालूम नोतं, ताईले मालूम नाही. मले मालूम आहे, अन् माह्या बायकोले. सांगतो. जरा दमानं येऊ द्या. भित्रा माणूस समोरच्या दारानं येत नसते, गोठ्याकडून येते.

सुरुवात तुमाले याद असन. पंचायतीत भिंतीले नकाशा लावला होता अन् नाल्याच्या कामाचा सरकारी साहेब सांगून राहिला होता का या पट्ट्यातले सगळे नाले खोल कराचे, सरळ कराचे, मशीन येणार. तुमी मांगून उठले. हातात छत्री. म्हणे, "साहेब, हा नाला नाही. डोंगरातून येते, पूर्णेला मिळते. नदी आहे." साहेबानं कागद उलटापालटा केला. म्हणे, गुरुजी, नाव सांगा, नाव असन तं नदी. अन् तिथंच घोळ झाला. आमी म्हटलं बोबडी. धामणखेडचा सरपंच म्हणे सुकी. खालच्या एका गावचा माणूस म्हणे, आमी तं बापजाद्यापासून खारी म्हणतो. साहेब हासला. वाईट मनानं नाही हासला बिचारा. म्हणे, आधी तुमचं तुमी ठरवा.

बाहेर निघाल्यावर तुमी चप्पल घालता घालता मले म्हटलं, "नदी म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो, बबन. नाला म्हटलं की मशीन बोलावतो. तुझी गाडी चालू आहे का?" माही गाडी फक्त उतारावर चालू असते गुरुजी, साऱ्या गावाले मालूम आहे. पण मी हाव म्हटलं. मले तुमाले नाही म्हणता येत नोतं. सगळं पाप तिथून सुरू झालं.

मंग आपण हिंडलो. मी पुढं, तुमी मांगं, छत्री बगलेत. वाऱ्यात तुमचा आवाज माह्या कानापर्यंत पोचत नोता म्हून तुमी छत्रीच्या टोकाचा कायदा काढला. बरगडीत एक टोचा म्हणजे थांब. दोन टोचे म्हणजे वापस फिर. माही उजवी बरगडी अजूनही आभाळ आलं का दुखते. शाळेत गेलो असतो तं मास्तरचा मार लहानपणीच खाऊन मोकळा झालो असतो. मले तो पन्नाशीत भेटला.

अन् ती लाल पुठ्ठ्याची वही. गाव, गावात नदीले काय म्हणतात, कोणी सांगतलं, त्याचं वय. शेवटी एक खण होता. त्याच्यात तुमी दर बारीले एकच शब्द लिवत. मी इचारलं हे काय. तुमी म्हटलं, 'ऐकीव'. मी म्हटलं, एकच शब्द इतक्या बाऱ्या कावून लिवता, वर एकदा लिवा अन् खाली रेघ मारून द्या. तुमी पेन थांबवला. म्हणे, "जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहिलं, की भूगोल संपला आणि कीर्तन सुरू झालं."

हे वाक्य सात दिवसांपासून माह्या छातीवर गोटा होऊन बसलं आहे.

खाली पूर्णेच्या काठाले गेलो होतो ते सांगतो. तिथं जमीनच खारी. एक बाई काठावर धुणं आपटून राहिली होती. तुमी अदबीनं इचारलं, आई, या नदीला काय म्हणता? तिनं तुमच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, "नाव काय इचारता बापा, पिऊन पाहा." तुमी माह्याकडं पाह्यलं. म्हणजे पेणं मलेच होतं. प्यालो. दोन दिवस लोटा घेऊन वावराकडं धावलो. तवा काठावरच तुमी वहीत लिवलं, 'खारी', अन् पुढं ऐकीव. मी म्हटलं, गुरुजी, इथं तरी 'पोटात पाहिलेले' लिवा. तुमी इतके हासले का चष्मा धुण्याच्या बादलीत पडला.

आपलं भांडण कधी मिटलंच नाही. तुमाले एक नाव पायजे होतं. मी म्हणो, राहू द्या ना गावागावाचं नाव. बाईले माहेरी एक नाव असते, सासरी दुसरं. माही बायको माहेरची कौसल्या, आमच्या घरी विमल. त्यानं काय दोन बाया झाल्या? तुमी म्हटलं, "तिला कधी विचारलंस का, कोणतं आवडतं?"

 तीस वर्सं झाले लग्नाले, कधी इचारलं नोतं. घरी जाऊन इचारलं. ती तव्यावरून नजर न काढता म्हणे, "माहेरी कोणी कौसल्या म्हटलं का मान आपोआप फिरते. इथं विमल म्हटलं का आधी वाटते, काय कमी पडलं आता?" दुसऱ्या दिवशी तुमाले हे सांगतलं. तुमी वही मिटली. मंग म्हणे, "म्हणजे आपल्याला हिचं माहेरचं नाव पाहिजे. उगमाजवळ जे लोक राहतात, ते काय म्हणतात ते."

बस, तिथून माह्या मांगं लागले. पायथ्याच्या बोरखडी गावाच्या पुढं गाडी जात नाही, पायीच चढाव लागते. तुमच्या गुडघ्यानं हात टेकले होते, डाक्तरनं पायरी चढाले मना केली होती. मंग कोण जाईन? बबन जाईन. बबनले दोन पाय आहे अन् अक्कल नाही. ते मोहाचे दिवस होते. मोहाच्या फुलावर अस्वल येते हे डोंगराखालच्या साऱ्या पोट्ट्याइले मालूम असते. तुमाले भूगोल येत होता, पण अस्वल तुमच्या भूगोलात नोतं.

गेलो. नदीच्या पोटातून वर चाललो. दुसऱ्या डोहापर्यंत खरं आहे गुरुजी, तिथपर्यंत देवाची आण घेऊन सांगतो. डोहात पाणी होतं, काठाले मोर होता. पुढं झाडी गच्च झाली. अन् तिथं वरून कोणीतरी खोकललं. माणसावानी खोकललं, पण माणूस नोतं. मी इचारलं नाही, पाह्यलं नाही, जो पळालो तो बोरखडीच्या हॉटेलातच थांबलो. एका पायात चप्पल, एक पाय रिकामा. हॉटेलवाल्यानं सगळं ऐकून म्हटलं, वांदरं खोकलतेत भाऊ, वांदरं. मी लाजंपायी दोन प्लेट भजे खाल्ले. दुपारभर तिथंच बाजीवर पडून राह्यलो. उन्हं उतरल्यावर पँटीले जरा चिखल लावला अन् घरी आलो.

तुमी माह्या अंगणात वही उघडून बसले होते. पाणीबी नोतं पेलं म्हणे माही बायको.

ताई, आता पेन ठेवू नको. लिव.

तुमी इचारलं, पोचलास? मी हाव म्हटलं. उगम कसा आहे? म्हटलं, मोठं उंबर आहे, त्याच्या मुळातून पाणी निंगते. माह्या डोक्यात कुठून आलं ते उंबर? माह्या मामाच्या वावरातून आलं, दुसरं झाड आठवलंच नाही. तुमी इचारलं, चप्पल कुठं गेली? म्हटलं, तिथं चिखलात फसली. तुमी लिवलं, 'उगमाजवळ दलदल'. माही एक चप्पल हरवली अन् तुमच्या वहीत दलदल झाली गुरुजी. मंग तुमी मान वर करून इचारलं, आणि वरचे लोक तिला काय म्हणतात?

डोक्यात अंधार झाला. एकही नाव सुचेना. आठ दिवस आधी आमी लाडी म्हैस चांदूर बाजारले विकली होती. बायको रोज तिचं नाव घेऊन डोळे पुसे. घरात तेच एक नाव फिरून राह्यलं होतं. तोंडातून निंगून गेलं. लाडी.

तुमी चष्मा काढला. तीनदा म्हणून पाह्यलं, लाडी, लाडी, लाडी. म्हणे, "काय लोक आहेत रे बबन. आपण सुकी म्हणतो, खारी म्हणतो, बोबडी म्हणतो. आपल्याला फक्त तिचं व्यंग दिसलं. ते लाडी म्हणतात." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असं पाणी पाह्यल्यावर कोण्या माणसाच्या तोंडून निंगन का गुरुजी, ती म्हैस आहे?

तुमी लिवलं. गाव, नाव, सांगणारा बबन. अन् शेवटच्या खणात 'ऐकीव' नाही लिवलं. म्हणे, "तू डोळ्यांनी पाहून आलास. इथं लिहितो, प्रत्यक्ष." साऱ्या वहीत ती एकच ओळ प्रत्यक्ष आहे. अन् तीच एक खोटी. माहं नाव तोवर कुठं लिवलं गेलं तं त्याच्या बाजूले अंगठा लावा लागे. इथं अंगठा नोता मांगतला. तुमी भरोशावर लिवलं.

त्या वहीच्या नकलेवर अर्ज गेला. साहेबानं ती पाह्यली, माणसं पाठवली, अन् कागदात नाल्याची नदी झाली. मशीन धामणखेडच्या वरतं आलीच नाही. आता नव्या पुलावर पाटी लागली. निळ्यावर पांढरं, लाडी नदी. माही बायको चवथी शिकेल आहे, अक्षर जुळवून जुळवून वाचते. पुलावर उभी राहून तिनं वाचलं. मंग माह्याकडं वळून म्हणे, "आपल्या म्हशीचं नाव पुलावर कावून लिवलं?" मी म्हटलं, चूप, घरी सांगतो. घरी सांगतलं. तवापासून ती मले जेवायले वाढते, पण बोलत नाही. बोलली ते एकच. म्हणे, गुरुजीले सांगत नाही तोवर मले विमलबी म्हणू नका अन् कौसल्याबी म्हणू नका.

सांगणारच होतो. तुमी जायच्या आठ दिवस आधी मले पुलावर घेऊन गेले, याद आहे? काठी टेकत टेकत. पाटीवरून हात फिरवला. माहा हात धरला. म्हणे, "बबन, तुझ्यामुळे हिला माहेरचं नाव मिळालं." आता सांगाव म्हून मी तोंड उघडलं. अन् तोंडातून काय निंगालं? "गुरुजी, खाली बारीक अक्षरात लिवाचं होतं, प्रोप्रायटर बबन." तुमी हासता हासता खोकलले. मी तुमची पाठ चोळली. जे सांगाचं होतं ते पाठ चोळण्यात गेलं. माह्या साऱ्या जिंदगीचा हाच हिशेब आहे, जिथं खरं बोलाचं तिथं मी लोकाइले हासवलं.

अन् आता ही सुधाताई. तिनं तुमच्या अस्थीतली चिमूटभर राख तांब्याच्या लोटीत ठेवली आहे, फडकं बांधून मांगच्या कडुनिंबाले टांगली आहे. तिसऱ्या दिवशी वही घेऊन माह्या दारात आली. म्हणे, काका, बाबांनी सगळी नदी पाहिली, उगम तेवढा राहिला. तुम्ही एकटेच तिथे जाऊन आलात. मला घेऊन चला. त्या उंबराखाली ही राख ठेवायची आहे.

कोण्या उंबराखाली, माय? मी हाव म्हटलं. अजूनबी मले नाही म्हणता येत नाही.

तवापासून मी डोंगराकडं पाहून राह्यलो. बोलाव तं साहेब म्हणन, एक ओळ खोटी तं बाकीच्या कशावरून खऱ्या? मंग धामणखेडची सुकी, खालची खारी, ती धुणं धुणारी बाई, सगळ्याइची ओळ माह्या म्हशीपायी बुडन. मशीन येईन. नदी जाईन. अन् न बोलाव तं तुमची राख मी कुठंबी एका झाडाखाली ठेवून येईन अन् तुमची पोरगी त्या जागेले हात जोडन. दोन्हीकडून भेव आहे.

आत्ता हे बोललो. ताईचा पेन थांबला आहे.

मी वर पाह्यलं नाही. तिनं हळूच इचारलं, "काका, उंबर?" म्हटलं, नाही. "दलदल?" म्हटलं, चप्पल. "लाडी?"

म्हटलं, म्हैस.

तिनं ओढणी तोंडाले लावली. खांदे हालून राह्यले होते. हासून राहिली का रडून राहिली, मले समजेना, अन् इचाराची हिंमत नोती. मंग डोळे पुसून म्हणे, "बाबांना एकदाही सांगता आलं नाही तुम्हाला?" मी म्हटलं, त्याइच्या तोंडाकडं पाहून नाही आलं. म्हणे, माझ्याकडे पाहून आलं? म्हटलं, तुह्याकडं कुठं पाह्यलं बाई, मी कागदाकडं पाहून बोललो.

ती उठून आत गेली. मले वाटलं आता लोटी घेईन अन् दार लावून घेईन. ती वही घेऊन आली. मी म्हटलं, ताई, हे छापू नको. माही अब्रू गेली तं जाऊ दे, ती तशीबी बोरखडीच्या हॉटेलात भज्यासंगं गेली. पण नदी जाईन. तिनं वहीची ती ओळ काढली. म्हणे, "बाबा असते तर काय म्हणाले असते?"

दोघाइलेबी मालूम होतं तुमी काय म्हटलं असतं. कीर्तन.

तिनं पेन माह्या हातात देल्ला. म्हणे, बाबांच्या वहीत मी हात घालणार नाही, तुम्ही सांगितलं, तुम्हीच खोडा. मी म्हटलं, मले कुठं समजते कोणतं काय आहे. तिनं माहं बोट धरून 'प्रत्यक्ष'वर ठेवलं. मी रेघ मारली. रेघ काही माह्या ऐकण्यात नोती. वाकडी तिकडी जाऊन माह्या नावावरूनबी गेली. ताई म्हणे, तुमचं नाव खोडलं गेलं. मी म्हटलं, राहू दे, त्याचीबी वेळ आली होती.

मंग ठरलं. पुस्तक छापाले जायच्या आधी, उद्या सकाळीच निंगाचं. या बारीले पुरं वर. कोरकू लोकाइच्या ढाण्यात, म्हणजे वस्तीत, माणसं भेटतीन त्याइले इचाराचं, बापा, हिले काय म्हणता? ते जे सांगतीन ते, सांगणाऱ्याच्या नावासकट, वयासकट, पुढं 'ऐकीव'. अन् पाणी जिथून निंगते ते आपल्या डोळ्यानं पाहून लिवाचं. उंबर असन तं उंबर, गोटा असन तं गोटा, कोरडं असन तं कोरडं. साहेबाले खोडलेली ओळबी दाखवाची अन् नवीबी दाखवाची. मानन का नाही, मले काय मालूम. पाटीवरचं नाव बदलाचं का ठेवाचं, तेबी मंग पाहू. पण एक सांगतो गुरुजी, भांडण अजून मिटलं नाही. माहं म्हणणं अजूनबी तेच आहे, सगळे नावं राहू द्या. फक्त म्हशीचं तेवढं काढा.

घरी जाऊन बायकोले सांगतलं का बोललो. तिनं नाडीच्या जागी दोरी बांधलेले जुने बूट काढून देल्ले. म्हणे, "अस्वल आलं तं त्याले दोन गोष्टी सांगा, ते आपोआप जाईन." बोलली. म्हून परत आलो, हे पुरं कराले. मी तिले जाता जाता कौसल्या म्हणून पाह्यलं. मान फिरली.

गुरुजी, मले भेव वाटून राह्यलं.  दुसऱ्या डोहापर्यंतचा रस्ता मले मालूम आहे, त्याच्या पुढं तुमच्याइतकाच मीबी अडाणी आहे. उद्या ताई मांगं बसन, मांडीवर लोटी, बगलेत तुमची छत्री. आत्ता लिवता लिवता ती म्हणे, टोचायचं मला समजलं काका, एकदा म्हणजे थांब.

मी इचारलं, अन् दोनदा?

म्हणे, दोनदाचं मी विसरले.